डाउन सिंड्रोम : सातारा-सांगलीत यादीबाहेर राहिलेली मुलं

आधी एक साधा हिशेब मांडून बघू. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख होती, सांगलीची २८ लाख. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. म्हणजे या दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला साधारण ८५ हजार बाळं जन्माला येतात. डाउन सिंड्रोम ८०० ते १,००० जन्मांमागे एका बाळाला असतो. या हिशेबानं इथं दरवर्षी अशी ८५ ते १०५ बाळं जन्माला येत असणार. दहा वर्षांची बेरीज केली तर आकडा हजाराच्या जवळ जातो.

मग ही मुलं दिसतात कुठं? शाळेच्या पटावर किती आहेत? मदरशात किती येतात? ईदच्या नमाजला बापाचं बोट धरून आलेलं असं मूल शेवटचं कधी बघितलं? लग्नाच्या मांडवात सगळं खानदान जमतं, तेव्हा हे मूल कुणाकडं तरी ठेवून येतात.

यातली काही मुलं पहिल्या एक-दोन वर्षांतच जातात. बहुतेकदा हृदयाच्या दोषामुळं, जो वेळेत कळला असता तर दुरुस्त झाला असता. उरलेली घरात असतात. घर त्यांना जीव लावतं, पण कागदावर त्यांची नोंद नसते. दाखला नाही, कार्ड नाही, शाळा नाही. पुढची जनगणना २०२७ मध्ये होत आहे. घराघरात माणसं मोजायला सरकारी माणूस येणार आहे. त्या निमित्तानं हा विषय मोकळेपणानं बोलायला हवा. कारण जे मूल मोजलं जात नाही, त्याच्यासाठी शिक्षकाची जागा निघत नाही, थेरपीचं केंद्र उघडत नाही आणि आई-बापानंतर त्याला कोणी विचारतही नाही.

नेमकं असतं काय?

माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. अर्धी आईकडून येतात, अर्धी वडिलांकडून. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या जोडीत एक गुणसूत्र जादा येतं, एकूण ४७ होतात. त्या एका जादा गुणसूत्रामुळं चेहऱ्याची ठेवण वेगळी दिसते, स्नायू सैल असतात, बाळ उशिरा बसतं, उशिरा चालतं, उशिरा बोलतं. शिकण्याचा वेग कमी असतो. बहुतेक मुलांमध्ये बौद्धिक अक्षमता सौम्य ते मध्यम स्वरूपाची असते. म्हणजे ती शिकतात, फक्त सावकाश आणि पुन्हा पुन्हा सांगितल्यावर.

जॉन लँग्डन डाउन या ब्रिटिश डॉक्टरनं १८६६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. कारण कळायला मात्र १९५९ साल उजाडलं. फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जादा गुणसूत्र दाखवून दिलं. मधल्या काळात या मुलांना 'मंगोल' म्हणायची पद्धत पडली होती. मंगोलियानं हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं १९६५ मध्ये तो शब्द सोडला. आपल्याकडं अजून तो कधीकधी कानावर पडतो. आणि आपल्या भागातले 'येडं', 'खुळं' हे शब्द तर सर्रास. मूल हे शब्द समजतं, हे आपण विसरतो.

हा आजार नाही, त्यामुळं तो 'बरा' करणारं औषधही नाही. मेंदूचं टॉनिक, स्टेम सेलचं इंजेक्शन, कुठल्यातरी वैदूची पुडी, अशा गोष्टींवर लोक हजारो-लाखो रुपये घालवतात. तोच पैसा हृदयाची तपासणी, फिजिओथेरपी आणि वाचा-उपचारावर गेला तर मुलाच्या आयुष्यात फरक पडतो.

दोष कुणाचा?

बाळ असं जन्मलं की घरात पहिला प्रश्न हाच निघतो. आणि उत्तर बहुतेकदा आईच्या पदरात टाकलं जातं. ग्रहणात सुरी हातात घेतली, तिन्हीसांजेला बाहेर गेली, कुणाची नजर लागली, कसला तरी असर झाला. ग्रहण पाळण्याची चाल आपल्या खेड्यांत कुठल्या एका धर्माची राहिलेली नाही. यातल्या कशाचाही गुणसूत्राशी संबंध नाही.

मुस्लिम कुटुंबांना आणखी एक वाक्य ऐकावं लागतं : 'नात्यात लग्न केलं, म्हणून असं झालं.' यात थोडं खरं आणि थोडं खोटं मिसळलेलं आहे, म्हणून ते नीट समजून घेतलं पाहिजे. चुलत-मामे भावंडांच्या लग्नात काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे खरं आहे. थॅलेसेमिया हे त्याचं उदाहरण. तिथं आई आणि वडील दोघांकडून एकच सदोष जनुक बाळाकडं येतं, आणि एकाच खानदानात ते दोघांकडं असण्याची शक्यता जास्त असते. डाउन सिंड्रोमचं गणित वेगळं आहे. इथं कुठलं सदोष जनुक पिढ्यानपिढ्या चालत येत नाही. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट सुटी होत नाही, एवढंच घडतं. त्यामुळं नात्यातलं लग्न हे डाउन सिंड्रोमचं कारण म्हणता येत नाही.

ही चूक बहुतेकदा अंडं तयार होताना होते, काही वेळा शुक्राणू तयार होताना. कुणाच्या वागण्यानं ती होत नाही आणि कुणाच्या काळजीनं टळत नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, हे मात्र पक्कं आहे. पंचविसाव्या वर्षी साधारण १,२५० मध्ये एक, पस्तिसाव्या वर्षी ३५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक. तरीही डाउन सिंड्रोम असलेली बरीच बाळं तरुण आयांच्या पोटी जन्मतात, कारण मुळात बहुतेक बाळंतपणं त्याच वयात होतात. म्हणून 'माझं वय तर बावीस, मला कसं होईल?' हा हिशेब चुकतो.

रिश्त्याची भीती आणि एक रिपोर्ट

मूल लपवण्यामागचं खरं कारण पुष्कळदा लाज नसतं, भीती असते. थोरल्या मुलीचा रिश्ता बघायचा आहे, धाकट्या भावाचं ठरत आलंय. समोरच्यांना कळलं तर? 'खानदानातच आहे' म्हणतील. मग पाहुणे आले की मूल मागच्या खोलीत.

या भीतीवर एक उत्तर आहे, आणि ते रक्ताच्या एका तपासणीत मिळतं. तिला कॅरिओटाइप म्हणतात. बाळाचं थोडं रक्त घेतात, नमुना बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जातो, आणि गुणसूत्रांचा नकाशा हातात येतो. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये त्यात साधी ट्रायसोमी २१ निघते, म्हणजे एक संपूर्ण जादा गुणसूत्र. ती आनुवंशिक नसते. अशा मुलाच्या बहिणीला किंवा भावाला त्यामुळं डाउन सिंड्रोमचं मूल होण्याचा वेगळा धोका नसतो. एक-दोन टक्के मुलांमध्ये मोझेइक प्रकार असतो, तोही साधारणपणे चालत येत नाही.

तीन-चार टक्के मुलांमध्ये ट्रान्सलोकेशन हा प्रकार निघतो. त्यात जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. यातल्या काही कुटुंबांत आई किंवा वडील स्वतः निरोगी असून तो भाग बाळगून असतात. असं निघालं तर आई-वडिलांची आणि गरज पडल्यास भावंडांची तपासणी करायची. म्हणजे जिथं खरोखर काळजीचं कारण आहे, तिथंही नेमकं कुणाला आणि किती हे कळतं.

पुढच्या बाळाचा प्रश्नही याच कागदावर सुटतो. साधी ट्रायसोमी असेल तर पुढच्या वेळी पुन्हा तसं होण्याची शक्यता साधारण एक टक्का. ट्रान्सलोकेशन आईकडून आलं असेल तर ती दहा टक्क्यांच्या वर जाते, वडिलांकडून आलं असेल तर बरीच कमी राहते. काही डॉक्टर चेहरा बघून निदान करतात आणि तपासणी सुचवतच नाहीत. घरच्यांनी ती स्वतः मागावी. तो रिपोर्ट निकाहनाम्याइतकाच जपून ठेवावा. रिश्ता बघायला आलेल्यांना मूल दाखवायचं आणि विचारलं तर रिपोर्टही दाखवायचा. एवढ्यावर जो रिश्ता मोडेल, तो पुढं कशावरूनही मोडला असता.

गरोदरपणातल्या तपासण्या

आता सांगली, मिरज, कराड, साताऱ्यात डबल मार्कर सर्रास सांगतात. गरोदरपणाच्या ११ ते १४ आठवड्यांत रक्त आणि सोनोग्राफी मिळून ती होते. तिचा रिपोर्ट 'हाय रिस्क' आला की घरात रडारड सुरू होते. पण ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. हाय रिस्क आलेल्या बहुतेक बायकांचं बाळ व्यवस्थित असतं. पुढची एनआयपीटी ही रक्ताची तपासणी जास्त भरवशाची, पण तीही चाळणीच. पक्कं उत्तर वारेचा अंश किंवा गर्भजल तपासल्यावर मिळतं.

पुढचा निर्णय त्या आई-बापाचा. कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मतानं गर्भपाताची परवानगी मिळू शकते. त्याआधी, २०१७ मध्ये, मुंबईच्या एका महिलेला २६ व्या आठवड्यात डाउन सिंड्रोमच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयानं परवानगी नाकारली होती. धर्माच्या बाजूनं बघितलं तर फिकहमध्ये १२० दिवसांचा टप्पा महत्त्वाचा मानला जातो. मक्केतल्या इस्लामी फिकह परिषदेनं १९९० मध्ये त्याआधीच्या काळापुरती, उपचार नसलेल्या गंभीर व्यंगासाठी, डॉक्टरांच्या खात्रीनंतर मुभा दिली. डाउन सिंड्रोम त्या व्याख्येत बसतो का, यावर आलिमांमध्ये एकमत नाही. म्हणून ज्यांना विचारायचं आहे त्यांनी वेळ न घालवता, डॉक्टरांचे कागद सोबत घेऊन विचारावं. आणि ज्यांनी बाळ ठेवायचं ठरवलं, त्यांना टोमणे मारू नयेत. हे मूल कसं जगतं याचं खरं चित्र समोर असेल, तरच निर्णय भीतीपोटी होणार नाही.

पहिल्या वर्षात करायची कामं

डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. काही दोष बाहेरून कळत नाहीत. बाळ दूध ओढताना दमतं, वजन वाढत नाही, सारखी सर्दी-न्यूमोनिया होतो. घरचे म्हणतात, 'असलीच असतात ही मुलं.' मोठ्या दोषावर साधारण पहिल्या सहा महिन्यांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. उशीर झाला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवरचा दाब इतका वाढतो की शस्त्रक्रिया करणंच शक्य राहत नाही. म्हणून बाळ कितीही गुटगुटीत दिसो, जन्मानंतर लगेच हृदयाचा इको करायचाच.

त्याबरोबर थायरॉइड : जन्मल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढं दरवर्षी. कानांची तपासणी, कारण यातल्या बहुतेक मुलांना कमी-अधिक ऐकू कमी येतं, आणि ऐकू न येणारं मूल बोलणार कसं? डोळ्यांची तपासणी सहा महिन्यांच्या आत. सैल स्नायूंसाठी पहिल्या काही आठवड्यांपासून फिजिओथेरपी. ही मुलं साधारण दोन वर्षांच्या आसपास चालायला लागतात, काही आधी, काही बरीच नंतर. लहानपणीची थेरपी जितकी लवकर, तितकं पुढचं सोपं.

खर्चाचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत डाउन सिंड्रोम आणि हृदयदोष दोन्ही आहेत. या कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात, पुढं जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतात आणि शस्त्रक्रियेची सोय लावतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षणही आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात आणि सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिली चौकशी करता येते.

पण इथंच लपवण्याची किंमत कळते. पथक अंगणवाडीत येतं. जे मूल अंगणवाडीत पाठवलंच नाही, ते पथकाला दिसणार कसं? आशाताई घरी आल्या तेव्हा 'बाळ झोपलंय' म्हणून वाटेला लावलं, तर त्या काय लिहिणार? मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात सगळ्या जाती-धर्माची माणसं दुआ मागायला येतात. दुआ जरूर मागावी. त्याच फेरीत मिरजेतच इकोही करून घ्यावा.

दाखल्याची वाट

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. डाउन सिंड्रोम हे नाव त्या यादीत वेगळं नाही; ही मुलं बौद्धिक अक्षमता या गटात येतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात. मोजमापाच्या नियमांत सौम्य बौद्धिक अक्षमतेला ५० टक्के आणि मध्यमला ७५ टक्के धरलेत. म्हणजे डाउन सिंड्रोम असलेलं जवळजवळ प्रत्येक मूल या अटीत बसतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, नाही जमलं तर महा-ई-सेवा केंद्रात. मग ठरलेल्या दिवशी मूल घेऊन रुग्णालयात जायचं. मूल एक वर्षाचं पूर्ण झाल्यावर दाखला मिळू शकतो.

खरी अडचण फेऱ्यांची आहे. जत, आटपाडीहून सांगलीला किंवा म्हसवड, पाटणहून साताऱ्याला मूल कडेवर घेऊन जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, एक रोज बुडतो. 'मशीन बंद आहे', 'आज साहेब नाहीत' ऐकून परत यायचं. शिवाय लहान मुलाचा दाखला कायमचा नसतो. मूल वाढतं तसा तो पुन्हा करून घ्यावा लागतो, १८ नंतरचा कायम टिकतो. गुणसूत्र आयुष्यभर बदलत नाही, दाखला मात्र बदलत राहतो, ही या कुटुंबांची रास्त तक्रार आहे. त्यातच २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं दाखल्याचं प्रकरण गाजलं आणि राज्यात बोगस दाखल्यांची पडताळणी सुरू झाली. पडताळणी व्हायलाच हवी. पण खोटा कागद करणाऱ्यांच्या पापाचा भुर्दंड चालता-बोलता न येणाऱ्या मुलांना बसू नये. कॅरिओटाइपचा रिपोर्ट समोर असताना त्यांना वारंवार फेऱ्या कशाला? ज्या राज्यानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, त्यानं एवढा बदल करायला हरकत नसावी.

तरीही दाखला काढायचाच, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये केलं. अर्ज तहसील कार्यालयात, उत्पन्नाची अट आहे. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च देते, आणि त्यात थेरपी आणि बाह्यरुग्ण विभागाचा खर्चही येतो, जो साध्या विम्यात बसत नाही.

शाळा, मशीद, रोजगार

२०१६ च्या कायद्यानं सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. प्रत्यक्षात मुख्याध्यापक गोड बोलून सांगतात, 'आमच्याकडं तसे शिक्षक नाहीत, तुमच्याच मुलाचे हाल होतील.' अशा वेळी नकार लेखी मागावा. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेकदा सूर बदलतो. मूल जास्त मागं असेल तर विशेष शाळा बरी. सौम्य असेल तर शेजारच्या मुलांबरोबर बसून ते जास्त शिकतं, विशेषतः बोलणं. मुलीच्या बाबतीत एक गोष्ट टाळू नये : पाळी आल्यावर काय करायचं, अंगाला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हे तिला लहानपणापासून साध्या शब्दांत शिकवायचं. घरात लपवलेली मुलगी सुरक्षित असते, हा आपला गैरसमज आहे.

मशीद आणि मदरशाचाही वाटा आहे. ज्याला पुरेशी समज नाही त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज नाही, हे सगळे जाणतात. पण त्यावरून त्याला सफेत उभंच करायचं नाही, असं होत नाही. मूल मध्येच आवाज करतं, सजद्यात लवकर उठतं, एवढ्यावरून मागं वळून बघणारे आपणच असतो. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम या अंध सहाबींच्या निमित्तानं सूरह अबस उतरली, हे जुम्याच्या बयानात आपण ऐकलेलं असतं. ते ऐकून घरी जाताना त्याच गल्लीतल्या मुलाला 'खुळं' म्हणायचं, यात कुठंतरी विसंगती आहे.

पुण्याच्या गौरी गाडगीळचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. डाउन सिंड्रोम असलेली ही जलतरणपटू. तिच्या आयुष्यावर महेश लिमये यांनी 'यलो' हा मराठी चित्रपट काढला, २०१४ मध्ये तो आला. त्यात गौरीनं स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिची खास दखल घेतली गेली. या उदाहरणानं हुरूप येतो. पण प्रत्येक मुलानं पदक आणावं, अशी अपेक्षा धरली तर ते दुसरं ओझं होईल. बहुतेक मुलांसाठी यश म्हणजे स्वतःचे कपडे घालणं, दुकानातून दूध आणणं, मोबाईलवर मामूला फोन लावणं आणि मोठेपणी चार पैसे कमावणं. सांगलीत हळदीची मोठी बाजारपेठ आहे, साताऱ्यात कंदी पेढा, दोन्हीकडं बेकऱ्या. पाकिटं भरणं, लेबल लावणं, खोकी जोडणं ही ठरावीक पद्धतीची कामं ही मुलं मन लावून करतात. आपल्यातल्या दहा दुकानदारांनी प्रत्येकी एकाला रास्त मजुरीवर ठेवलं, तर दहा घरांचं चित्र बदलेल.

'आमच्यानंतर कोण?'

अमेरिकेत १९८३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं. आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि घरात मिळणारी देखभाल यांनी हे घडवलं. आपल्याकडंही उपचार मिळालेली मुलं आता चाळिशी-पन्नाशी बघतील. आनंदाची गोष्ट, पण तिच्या पोटात एक प्रश्न आहे : बऱ्याच मुलांच्या आधी आई-बाप जाणार. वय झाल्यावर या व्यक्तींना विसराळूपणाचा आजारही इतरांपेक्षा लवकर गाठतो. तेव्हा सांभाळणार कोण?

'भाऊ आहेत की' हे उत्तर प्रेमाचं आहे, पण कायद्याचं नाही. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं. त्यानंतर आई-वडीलही त्याच्या वतीनं बँकेत किंवा जमिनीच्या व्यवहारात आपोआप सही करू शकत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडं अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. हिशेबाचं हे बंधन फार मोलाचं आहे, कारण भांडण तिथंच होतं. कायदा सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे.

वारशाबाबतही गैरसमज आहेत. शरीयतमध्ये दिव्यांग मुलाचा किंवा मुलीचा वाटा कमी होत नाही. भावंडांना ज्या नियमानं मिळतो, त्याच नियमानं त्यालाही. तरीही बाप गेल्यावर तलाठ्याकडं वारस नोंद करताना 'त्याला काय कळतंय' म्हणून नाव गाळलं जाऊ शकतं, किंवा हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला जाऊ शकतो. म्हणून आई-वडिलांनी हयातीतच पावलं उचलावीत. मुलाचं आधार आणि बँक खातं हवंच. मृत्युपत्रानं एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही आणि वारसाला द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते, त्यामुळं हयातीत हिबा करायचा का, याचा विचार चांगल्या वकिलाला आणि मुफ्तींना विचारून करावा. वडील सरकारी नोकरीत असतील तर दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं; त्याचं नाव नोकरीच्या कागदपत्रांत वेळेत चढवावं. आणि भावंडांशी, होणाऱ्या सुनेशी मोकळं बोलावं. जबाबदारी न विचारता अंगावर पडली की माया आटते.

जमातीनं काय करावं?

सगळं एकट्या आईवर सोडून चालणार नाही. आज इकोसाठी रांगेत तीच उभी, थेरपीला तीच नेते, टोमणे तीच खाते. सातारा, कराड, फलटण, सांगली, मिरज इथल्या जमातींनी आणि बैतुलमालनं चार कामं ठरवून घेतली तरी खूप होईल. एक, आपल्या मोहल्ल्यातल्या अशा मुलांची यादी, घरच्यांच्या संमतीनं. दोन, महिन्यातून एकदा गाडी करून पाच-सहा कुटुंबांना एकत्र दाखल्यासाठी नेणं. एकटी आई परत पाठवली जाते, गट सहसा पाठवला जात नाही. तीन, गरीब घरांना इको आणि कॅरिओटाइपच्या खर्चाला मदत. चार, १८ पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात गेला की नाही, याचा पाठपुरावा.

दरवर्षी २१ मार्चला जागतिक डाउन सिंड्रोम दिवस असतो. २१ वं गुणसूत्र तिपटीनं असतं, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख; संयुक्त राष्ट्रांनी २०१२ पासून तो मान्य केलाय. त्या दिवशी फुगे आणि फोटो होतात. त्याऐवजी त्या आठवड्याच्या जुम्याला दहा मिनिटं या विषयावर बोललं गेलं, तर मागच्या खोलीतली काही मुलं पुढच्या खोलीत येतील.

आणि जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा घरातल्या माणसांची नावं सांगताना या मुलाचं नाव गाळू नका. दिव्यांगाच्या रकान्यात त्याची नोंद करून घ्या, आणि ती झाली की नाही हे विचारून खात्री करा. त्या दोन मिनिटांच्या धाडसावर त्याच्या शाळेतला शिक्षक, त्याची थेरपी आणि तुमच्या पश्चातली त्याची सोय पुष्कळशी अवलंबून आहे.